झूम केल्यावर बोट ४७ वर, निवड होते ६९ ची

मांजराकाठ | लातूर | रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. तीन दिवस झाले, डोकं बधिर झालंय, म्हणून धागा काढायलोय. आधीच सांगतो, मी एकटाच डेव्हलपर. वर सीनियर वगैरे कोणी नाही, त्यामुळं जरा इस्कटून सांगा.

काम असं आहे. लातुरात अभ्यासिका किती आहेत हे इथल्यांना सांगायला नको. नीटची, एमपीएससीची पोरं बीड, धाराशिव, नांदेडकडून येतात, खोली करून राहतात आणि दिवसभर अभ्यासिकेत बसतात. अशाच एका अभ्यासिकेच्या मालकाला ॲप पाहिजे. हॉलचा नकाशा दिसला पाहिजे, खुर्चीवर बोट ठेवलं की महिन्याचं बुकिंग झालं पाहिजे. कुणाला पंख्याखालची जागा लागते, कुणाला भिंतीकडची, कुणाला चार्जिंगच्या बोर्डाजवळची. म्हणून नुसती नंबरांची यादी त्याला चालत नाही.

अँड्रॉइड, कोटलिन. पहिल्या हॉलात ८ रांगा, रांगेत १० खुर्च्या. एकच कस्टम व्ह्यू (स्क्रीनवरचा स्वतः आखलेला भाग) आहे, ऑनड्रॉ या त्याच्या चित्र काढायच्या फंक्शनमध्ये कॅनव्हासवर चौकोन काढतो. पिंच केलं, म्हणजे दोन बोटांनी ताणलं, की कॅनव्हास स्केल (लहान-मोठा), ओढलं की ट्रान्सलेट (सरकतो). दिसायला झकास. झूम न करता बोट ठेवलं तर बरोबर खुर्ची निवडली जाते. झूम केला आणि नकाशा सरकवला की संपलं. ४७ वर बोट ठेवलं की ६९ हिरवी होते. मग कुठंतरी वाचून एक्स आणि वाय दोन्हीला झूमनं भागलं. आता ६९ च्या जागी ३५ व्हायलीय. नकाशा न सरकवता नुसता झूम केला तर बरोबर येतं, जरा सरकवला की परत चुकतं.

वैतागून दुसऱ्या हॉलाला वेगळा रस्ता धरला. प्रत्येक खुर्ची म्हणजे खरंखुरं बटण, सगळी बटणं एका फ्रेमलेआउटात, आणि त्या लेआउटलाच सेटस्केलएक्स, सेटस्केलवाय. तिथं उलटीच गंमत. भागाकार-बिगाकार काही न करता बोटाखालचीच खुर्ची निवडली जाते, पण झूम केल्यावर कडेच्या दोन-तीन रांगा मेल्यासारख्या होतात. दिसतात, दाबल्या जात नाहीत.

काल मालकानं चाचणीला दहा पोरं बसवली. एकानं दाबली एक, पावती निघाली दुसऱ्याच खुर्चीची, आणि त्या खुर्चीवर आधीच कुणाची तरी बॅग. मालक म्हणाला, "तुझ्या ॲपपेक्षा माझी वही बरी."


गोदातीर | नांदेड | सकाळी ७.१५

मालकाचं बरोबर आहे. वहीत झूम नसतो.

भाऊ, तुझे ६९ आणि ३५ हे दोन्ही आकडे उगं आलेले नाहीत. चहा होईपर्यंत कागदावर मांडून बघितलं. हिशेब सोपा पडावा म्हणून एक खुर्ची ५० युनिटची धरतो. झूम २. नकाशा डावीकडं २४० आणि वर १३० सरकलेला, म्हणजे ऑफसेट उणे २४०, उणे १३०. हे आकडे मी जुळवून घेतलेत हे कबूल, पण रोग हाच.

४७ नंबर पाचव्या रांगेत सातवा. मूळ नकाशावर तिचा मध्य ३२५, २२५. स्क्रीनवर तो कुठं दिसतो? ३२५ ची दुप्पट ६५०, त्यातनं २४० गेले, ४१०. २२५ ची दुप्पट ४५०, त्यातनं १३० गेले, ३२०. म्हणजे पोरानं बोट ठेवलं ४१०, ३२० वर.

पहिल्यांदा तू हेच ४१०, ३२० थेट नकाशात शोधलंस. ५० नं भागून बघ: नववा कॉलम, सातवी रांग. खुर्ची ६९. मग नुसतं झूमनं भागलंस: २०५, १६०. पाचवा कॉलम, चौथी रांग. खुर्ची ३५. आता आधी ऑफसेट वजा कर. उणे वजा म्हणजे अधिक, ६५० आणि ४५०. मग २ नं भाग. ३२५, २२५. आली ४७.

नकाशातला एक्स = (बोटाचा एक्स − ऑफसेट एक्स) ÷ झूम

माझे वडील भूकरमापक होते. बांधावरचं भांडण मोजायला गेले की प्रमाण नंतर विचारायचे, आधी विचारायचे, "कोणत्या दगडापासून मोजलं?" गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा हे सगळ्यांना पाठ असतं, पण सुरुवातीचा दगड चुकला की ते ३३ फूट शेजाऱ्याच्या वावरात पडतात. तू प्रमाण बरोबर लावलंस, दगड विसरलास.

आता एक खाच. वरचं सूत्र तू ऑनड्रॉमध्ये आधी ट्रान्सलेट आणि मग स्केल लिहिलं असशील तरच लागू. उलटं लिहिलं असशील, म्हणजे आधी स्केल आणि मग ट्रान्सलेट, तर ऑफसेटसुद्धा झूमनं गुणला जातो. मग आधी भागायचं आणि नंतर ऑफसेट वजा करायचा. दोन्ही चालतं, पण काढताना एक आणि शोधताना दुसरं असं केलं की महिनाभर शोधत बसशील.

मी तर ही सूत्रं हातानं लिहीतच नाही. एक मॅट्रिक्स ठेवायचा, म्हणजे झूम आणि सरकणं दोन्ही एकत्र साठवणारा आकड्यांचा तक्ता. पिंच आणि ओढणं, दोन्हींनी बदलायचा तो तोच. काढताना कॅनव्हासला कॉनकॅटनं द्यायचा, टच आला की त्याचाच इन्व्हर्ट (उलटा मॅट्रिक्स) काढून मॅपपॉइंट्समधनं बोटाचा बिंदू पास करायचा. चित्र आणि टच एकाच खुंटीला बांधलेले राहतात. इन्व्हर्ट ट्रू-फॉल्स परत देतो, ते तपासत जा. झूम शून्यावर गेला तर उलटा मॅट्रिक्स निघतच नाही. तसंही झूमला खालची मर्यादा घालूनच ठेव.


मांजराकाठ | लातूर | सकाळी ९.०५

दादा, माझं स्केल आधी आणि ट्रान्सलेट नंतर होतं! म्हणजे तुमचं सूत्र तसंच चिकटवलं असतं तर अजून तिसरीच खुर्ची आली असती. मॅट्रिक्सनं केलं. ४७ वर ४७. डाव्या कोपऱ्यात १, उजव्या कोपऱ्यात ८०, झूम चारपट करून बघितलं, बरोबर.

हॉल १ मिटला. हॉल २ च्या मेलेल्या रांगांचं काय?


बालाघाटी | बीड | सकाळी ९.३०

एवढा खटाटोप कशाला? वेबव्ह्यूत (ॲपातल्या ब्राउझरात) नकाशाचं एसव्हीजी चित्र टाका, ट्रान्सफॉर्म सीएसएस करेल, क्लिक ब्राउझर बघेल. काम फत्ते.


गोदातीर | नांदेड | सकाळी ९.४४

बालाघाटी साहेब, एसव्हीजीला क्लिक नीट पोचतो हे मान्य. पण पोराला नकाशावर नुसतं बोट ठेवायचंय असं नाही, मालकाला खुर्च्या सरकवायच्याही असतील. तिथं क्लायंटएक्स स्क्रीनच्या मापात येणार, गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट झूम धरून माप देणार, आणि खुर्चीची जागा लिहायची मूळ मापात. परत तोच दगड, तेच वावर. रस्ता बदलला म्हणून बांध हलत नाही.


तिपण | अंबाजोगाई | सकाळी १०.२०

हॉल २ चं मी सांगतो, मागच्या वर्षी याच खड्ड्यात पडलो होतो.

सेटस्केलएक्स लावलं की अँड्रॉइड दोन कामं स्वतः करतो. चित्र मोठं काढतो, आणि बाप लेआउट खालच्या व्ह्यूकडं टच पाठवताना त्या व्ह्यूचा उलटा मॅट्रिक्स टचला लावून मगच पाठवतो. त्यामुळं बटणाला पोचलेला एक्स-वाय त्याच्या मूळ मापातला असतो, जणू झूम झालाच नाही. म्हणून तुला भागाकार लागला नाही. लावला असतास तर दोनदा भागला गेला असता. ही सोय अँड्रॉइड ३.० पासूनची, म्हणजे २०११ पासून. त्याआधीपासूनचं स्केलॲनिमेशन नुसतं चित्र फुगवतं, बटण मूळ जागीच राहतं. जुन्या कोडात ते अजून सापडतं आणि लोक म्हणतात टच बिघडला. टच बिघडलेला नसतो, चित्र खोटं बोलत असतं.

मग कडेच्या रांगा का मेल्या? टच वरून खाली उतरत येतो. आधी आजा, मग बाप, मग लेकरू. प्रत्येक पायरीला एकच प्रश्न असतो, बोट माझ्या हद्दीत पडलंय का? नाही म्हटलं की त्याच्या पोटातल्यांना कोणी विचारतच नाही. तुझा फ्रेमलेआउट दुप्पट दिसायला लागला, पण त्याच्या बाहेरचा बाप होता तेवढाच राहिला. त्याला रॅप कंटेंट (आतल्याएवढंच माप) दिलं असणार आणि क्लिपचिल्ड्रन फॉल्स, खरं की नाही? स्केल ही चित्र काढतानाची गोष्ट, लेआउटच्या मोजमापात ती धरलीच जात नाही. क्लिपचिल्ड्रन फॉल्स केल्यानं चित्र बापाच्या बाहेर सांडतं, टच सांडत नाही.

लग्नाच्या मांडवाचं बघ. आत जागा नाही म्हणून कनातीबाहेर एक पंगत बसवली. पानं मांडली, लोक बसलेले सगळ्यांना दिसायलेत. पण वाढपी कनातीपर्यंतच येतो आणि मागं फिरतो. बाहेरच्या पंगतीला भात येत नाही.

मांडव वाढव. बाहेरच्या बापाला मॅच पॅरेंट दे, नकाशासाठी स्क्रीनवर जेवढी जागा आहे तेवढी सगळी. झूम आतल्या लेआउटला राहू दे. कुणी टचडेलिगेट सुचवेल, ऐकू नको. एका व्ह्यूला डेलिगेट एकच लागतो आणि तुला खुर्च्या ८०.

आणखी एक. कॅनव्हासचा स्केल डाव्या वरच्या कोपऱ्यापासून फुगतो, सेटस्केलएक्सचा पिव्हट, म्हणजे फुगताना जागेवर राहणारा बिंदू, न सांगता मध्यावर असतो. हॉल १ चं सूत्र उचलून हॉल २ ला चिकटवशील तर परत दगड चुकेल. सेटपिव्हटएक्स, सेटपिव्हटवाय शून्य करून टाक, डोक्याला ताप नको.


मांजराकाठ | लातूर | दुपारी १.१०

खरंय, रॅप कंटेंट आणि क्लिपचिल्ड्रन फॉल्स. घरात बसून बघितल्यासारखं सांगितलंत राव. मॅच पॅरेंट केलं, बाहेरच्या पंगतीलाही भात मिळाला.

पण पिंच करताना नकाशा बोटांखालनं निसटतो. मी खालच्या रांगेवर पिंच करतो, झूम होतो वरच्या कोपऱ्याकडं, मग शोधत शोधत परत खाली यावं लागतं. आणि पिंच संपवताना एक बोट आधी उचललं की नकाशा टणकन उडी मारतो.


हिमरू | छत्रपती संभाजीनगर | दुपारी २.३५

मी फ्लटरवाली (ॲप बनवायचं दुसरं साधन), पण इथं आल्याशिवाय राहवेना, कारण माझ्याकडं ८० खुर्च्या नाहीत, हजारो चौकोन आहेत.

पैठणला मामेसासऱ्यांचा हातमाग आहे. काठाची आणि पदराची नक्षी ते आलेख कागदावर चौकोन भरून काढायचे. मुनिया, मोर, आसावली, सगळं चौकोनांतच बसवायचं. तो कागद मी टॅबवर आणला. चौकोनावर टेकवलं की रंग भरतो. फ्लटरमध्ये इंटरॲक्टिव्हव्ह्यूअर आहे, १.२० आवृत्तीपासून म्हणजे २०२० पासून. झूम, सरकणं, सगळं तो बघतो. मी खूश. आणि पहिल्याच दिवशी मामा म्हणाले, "मी मोराच्या डोळ्यात रंग भरतोय, भरला जातोय शेपटीला."

माझी चूक तुमच्या उलटी होती. ट्रान्सफॉर्मेशनकंट्रोलरला टूसीन म्हणून मेथड आहे. खिडकीतला बिंदू दिला की ती नकाशातला बिंदू देते. पण माझा जेश्चरडिटेक्टर इंटरॲक्टिव्हव्ह्यूअरच्या पोटात होता. तिथं लोकलपोझिशन आधीच नकाशाच्या मापात येते. त्यावर मी परत टूसीन लावत होते. डिटेक्टर बाहेर असेल तर टूसीन लावा, आत असेल तर लावू नका. आणि ग्लोबलपोझिशन हा तिसराच प्राणी, तो पूर्ण स्क्रीनचा, ॲपबार धरून. तिन्ही एकाच प्रकारचे ऑफसेट असल्यानं कंपायलर एका शब्दानं बोलत नाही. तेव्हापासून मी व्हेरिएबलच्या नावातच लिहिते: स्क्रीनबिंदू, खिडकीबिंदू, कागदबिंदू. नावं लांबतात, लांबू देत.

मांडव आणि कनात फ्लटरमध्येही आहे. ट्रान्सफॉर्म डॉट स्केलनं लेकरू बापाच्या बाहेर गेलं तर तेवढ्या भागाला टच मिळत नाही. लोक दरवेळी नव्यानं चकित होतात.

दुसरी तक्रार मामांनी केली ती मला जास्त शिकवून गेली. म्हणाले, "बरोबर चौकोनावर बोट ठेवतो, पण माझं बोटच चार चौकोनांएवढं आहे." बोटाचं माप झूमनं बदलत नाही. अँड्रॉइडवाले दाबायची जागा किमान ४८ डीपी (स्क्रीनची घनता धरून ठरवलेलं माप) ठेवा म्हणतात, ॲपल ४४ पॉइंट म्हणतो, आणि दोन्ही मापं काचेवरची आहेत, कागदावरची नाहीत. कागदावर सर्वांत जवळचा चौकोन शोधताना आपण जी सूट देतो, समजा काचेवर २४ डीपी, ती झूमनं भागून घ्यायची. झूम ४ असेल तर कागदावर ६, झूम अर्धा असेल तर ४८. मी आधी कागदावर ठोकळ २४ ठेवली होती. मोठ्या झूमला शेजारच्या चौकोनात घुसायची, लहान झूमला पुरायची नाही.

आणि एका हद्दीखाली मी रंग भरूच देत नाही. चौकोन काचेवर फारच बारीक झाला की टेकवल्यावर तिथं झूम होतो, मग भरा. मामांना हेच सगळ्यात आवडलं. बाकीचं मी काय केलं ते त्यांना कळलंच नाही, कळायचं कारणही नाही.


गोदातीर | नांदेड | सायंकाळी ६.५०

ताई, नावात दगड लिहायची युक्ती उचलली.

मांजराकाठ, निसटणारा नकाशा. दोन बोटांच्या मधला बिंदू, स्केलजेश्चरडिटेक्टर त्याला फोकसएक्स, फोकसवाय म्हणतो. झूम बदलताना त्या बिंदूखालची खुर्ची तिथंच राहिली पाहिजे. सकाळचेच आकडे घे. फोकस ४१०, त्याखाली नकाशातला ३२५. झूम २ चा ३ झाला. ३२५ ची तिप्पट ९७५, ती ४१० वर यायला ऑफसेट पाहिजे ४१० वजा ९७५, म्हणजे उणे ५६५. तू उणे २४० तसाच ठेवतोस, म्हणून ४७ नंबर ७३५ वर जाऊन पडतो आणि पोरगं शोधत बसतं.

नवा ऑफसेट = फोकस − (फोकस − जुना ऑफसेट) × नवा झूम ÷ जुना झूम

मॅट्रिक्स वापरत असशील तर पोस्टस्केलला गुणक आणि फोकस दोन्ही दे, तो हेच करतो. पण गुणक मर्यादेत कापायचा असेल तर पोस्टस्केलच्या आधी काप. मागाहून झूम ४ वर आणून ठेवलास तर ऑफसेट ४.३ चा आणि झूम ४ चा, असं त्रांगडं होतं. कमाल झूमला पोचल्यावर नकाशा हळूहळू एका बाजूला सरकत जातो ना, ते हेच.

उडीचं कारण बोटांचा क्रम. तू गेटएक्स असं मोकळंच लिहितोस, म्हणजे शून्य क्रमांकाचं बोट. दोन बोटांतलं पहिलं उचललं की दुसरं शून्यावर येतं. तुझ्या कोडला वाटतं तेच बोट इथून तिथं पळालं. इंडेक्स बदलतो, पॉइंटर आयडी बदलत नाही. आयडी धरून ठेव, ॲक्शन पॉइंटर अप आला की उचललेलं बोट आपलंच होतं का बघ, असेल तर उरलेल्या बोटाचा आयडी घे आणि मागची जागाही त्याचीच लिही. एवढं केलं की उडी बंद.


जर्मनी_परभणी | पुणे (मूळ परभणी) | रात्री ८.१५

आयफोनवाल्यांसाठी चार ओळी, कारण उद्या मालक तेही मागणार. यूआयव्ह्यूला ट्रान्सफॉर्म लावला की फ्रेमवर विसंबायचं नाही, बाउंड्स आणि सेंटर वापरायचं. टचला लोकेशन इन विचारताना कोणता व्ह्यू देतोस त्याच्या मापात उत्तर येतं, झूम धरून, स्वतः भागू नको. मांडवाचा नियम तिथंही आहे, सुपरव्ह्यूचं पॉइंट इनसाइड नाही म्हणालं की आतल्यांची विचारपूस नाही. आणि नुसता नकाशा झूम करायचा असेल तर यूआयस्क्रोलव्ह्यूत टाक, व्ह्यूफॉरझूमिंग दे आणि झोप.


मांजराकाठ | लातूर | दुसऱ्या दिवशी, दुपारी १२.३०

फोकस, पॉइंटर आयडी, दोन्ही बसलं. काल रात्री मालकाला दाखवलं. म्हणाला, "आता मला खुर्च्या हलवता आल्या पाहिजेत, उन्हाळ्यात आम्ही सगळ्या कूलरकडं सरकवतो." गोदातीर दादा, तुम्ही भाकीत केलं होतं!

हॉल २ मध्ये प्रत्येक बटणाला ऑनटचलिसनर लावून ओढणं केलं. खुर्ची थरथरते. सरळ ओढली तरी भूत लागल्यासारखी मागं-पुढं मागं-पुढं. मग गेटएक्सऐवजी गेटरॉएक्स घेतलं. थरथर गेली, पण झूम २ असताना बोट एक वीत गेलं की खुर्ची दोन विती जाते. आणि झूम अर्धा केला की नुसतं टेकवलं तरी ओढणं सुरू होतं.


तिपण | अंबाजोगाई | दुपारी १.०५

बैलगाडीत बसून गाडी किती लांब गेली हे गाडीच्याच पाटीला हात लावून मोजायलास. गेटएक्स हा त्या बटणाच्या स्वतःच्या कोपऱ्यापासून मोजलेला. बोट १० पुढं गेलं, तू बटण १० पुढं नेलंस, पुढच्या इव्हेंटला बटणाच्या लेखी बोट हललंच नाही, म्हणून तू त्याला मागं आणतोस. झाली थरथर. मोजायचं ते न हलणाऱ्या दगडावरून. गेटरॉएक्स स्क्रीनवरून मोजतो म्हणून थरथर गेली. पण तो काचेवरचा फरक आहे, आणि बटणाचा ट्रान्सलेशनएक्स तू बापाच्या मापात लिहितोस, जो बाप स्वतः दुप्पट फुगलाय. म्हणून फरक बापाच्या झूमनं भाग. इथं भागाकार पाहिजे, खुर्ची निवडताना नको होता. गोंधळ वाटतो खरा, पण दोन्हीकडं प्रश्न एकच, हा आकडा कोणी मोजलाय?

गेटरॉएक्स दुसऱ्या बोटासाठी हवा असेल तर इंडेक्स घेणारी मेथड अँड्रॉइड १० पासूनच आहे. जुने फोन धरायचे असतील तर ओढण्याचा टच बाहेरच्या, न फुगणाऱ्या बापाकडंच घे. मी तर तेच सुचवीन. स्केलजेश्चरडिटेक्टरसुद्धा त्याच बापावर बसव. फुगणाऱ्या व्ह्यूवर बसवलास तर झूम वाढला की बोटांमधलं अंतर त्याच्या मापात कमी दिसतं, मग तो झूम कमी करतो, मग अंतर वाढतं. पिंच करताना नकाशा धापा टाकतो.


गोदातीर | नांदेड | दुपारी १.४०

नुसतं टेकवल्यावर ओढणं सुरू होतं त्याचं मी सांगतो. तू गेटस्केल्डटचस्लॉपशी तुलना करतोयस ना? नावातला स्केल्ड तुझ्या झूमचा नाही, तो स्क्रीनच्या घनतेचा. स्लॉप म्हणजे बोट एवढं थरथरलं तरी ते टेकवणंच समजा ही सूट, अँड्रॉइडमध्ये मुळात ८ डीपी. पण तू फरक मोजतोस बटणाच्या मापात. झूम अर्धा असला की काचेवर ४ डीपी सरकलेलं बोट तिथं ८ दिसतं आणि सूट संपते. झूम ३ असला की उलट, काचेवर २४ डीपी गेल्याशिवाय खुर्ची हलत नाही आणि माणूस म्हणतो ॲप अडकलं. स्लॉप काचेवर मोज, म्हणजे रॉ फरकावर. जागा कागदावर लिही. हिमरू ताईंचे मामा बोटाबद्दल बोलले तेच हे.


मांजराकाठ | लातूर | रात्री १०.२०

सगळं बाहेरच्या बापाकडं नेलं. बटणं काढूनच टाकली. दोन्ही हॉल आता एकाच कस्टम व्ह्यूत, एकच मॅट्रिक्स. मेहनत वाया गेल्यासारखं वाटलं, पण ३०० ओळी कमी झाल्या.

एक केलं ते कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. चाचणीच्या बिल्डमध्ये, बोट टेकलं की उलटा मॅट्रिक्स लावून आलेल्या बिंदूवर नकाशाच्या मापात लाल टिंब काढतो. म्हणजे कॅनव्हासला मॅट्रिक्स लागलेला असतानाच. टिंब बोटाखाली उमटलं तर हिशेब बरोबर. लांब उमटलं तर किती लांब आणि कोणत्या दिशेला यावरूनच कळतं की ऑफसेट राहिला, भागाकार राहिला, की दोनदा झाला. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर मालकाची बोलणी खावी लागली नसती.

मालकाला खुर्च्या सरकवून दाखवल्या. झूम अर्धा, दोन, चार. चष्मा काढून बराच वेळ हलवत बसला. मग म्हणाला पंखे कुठं कुठं आहेत ते पण नकाशावर दाखव. पंख्याचं चित्र दोन-तीन खुर्च्यांवर येतं, पारदर्शक केलं तरी त्याला टच लागेल का? की खालच्या खुर्चीला?


तिपण | अंबाजोगाई | रात्री १०.३१

तू आता सगळं कॅनव्हासवरच काढतोस, तिथं पंखा म्हणजे नुसता रंग. खुर्च्यांच्या यादीत शोध, पंख्यांच्या यादीत शोधू नको.


हिमरू | छत्रपती संभाजीनगर | रात्री १०.३८

आणि कधी फ्लटरला आणलंत तर पंख्याला इग्नोअरपॉइंटर गुंडाळा.


मांजराकाठ | लातूर | रात्री १०.५२

पंखे लावले. ४७ पंख्याखालीच निघाली, तीन पोरं रांगेत आहेत तिच्यासाठी.